मोरीजवळचा सोम

लातूर,
९ जानेवारी १९८३

प्रिय चांगुणा,

जयभीम.

अत्यंत जड अंतःकरणाने एक तक्रार दाखल करत आहे. तू बांधून दिलेल्या सामानात तवा आहे, उलथनं आहे, सुई-दोरा आहे, ओव्याची पुडीसुद्धा आहे. चहाची गाळणी तेवढी नाही. हा अपराध अनवधानाने घडला की हेतुपुरस्सर, याचा निवाडा करायला मी पहिल्याच सकाळी स्टोव्हपुढे बसलो. वादी मीच, न्यायाधीशही मीच, आणि आरोपी नांदेडला. एकतर्फी निकाल देणं माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. निकाल राखून ठेवला आणि चहा रुमालातून गाळला. आठवडाभरात त्या पांढऱ्या रुमालाला चीवराचा रंग आला आहे. आणखी आठवडाभर गाळणी आली नाही, तर मला भिक्खू व्हावं लागेल.

एक मात्र सांगतो. अकरा दिवस तोंडातून शब्द न काढता इतकं नेटकं सामान बांधणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. चटणीच्या बरणीला तू दोनदा फडकं गुंडाळलंस. नुसता राग असता तर एकदाच गुंडाळलं असतंस. म्हणून मी जरा धीर धरून आहे.

आता त्या विकल्पाच्या कागदाबद्दल. तो तुला माझ्या पुस्तकात सापडायला नको होता, मीच दाखवायला हवा होता, हे कबूल. नवा जिल्हा झाला, तिथल्या शिक्षण कार्यालयाला माणसं हवीत, ज्यांना जायचं त्यांनी लिहून द्यावं, असं पत्रक आलं आणि मी लिहून दिलं. "बदली झाली" असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मला कुणी पाठवलं नाही, मी आपणहून आलो. "का लिहून दिलं?" एवढंच तू विचारलंस आणि मग गप्प झालीस. अठरा वर्षं पोरांकडून संस्कृतची रूपं घोकून घेऊन कंटाळा आला, जरा बदल हवा, असं मी म्हणालो होतो. तूर्त तेच पुन्हा लिहितो.

घर गावाच्या कडेला आहे. पुढच्या अर्ध्या भागात मालक चांदपाशा राहतो. बाजारात त्याचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्याशी बोलताना ओरडावं लागतं. मागच्या दोन खोल्या माझ्या. माझ्यामागे अंगण. अंगण म्हणजे दगडी कुंपण, आत काटेरी, खरखरीत, दांडगट अशी बरीच झाडं. ती चांदपाशाच्या आईनं, अमीरबीनं लावलेली. पाऊस गेल्या साली नावापुरता पडला, टँकर चौथ्या दिवशी येतो, आणि बाईंचा कायदा असा की, "जे पानी मागतं, ते माझ्या दारात नक्को." मी घागर घेऊन रांगेत उभा होतो तेव्हा हे ऐकलं आणि क्षणभर वाटलं, मलाही बोलल्या की काय.

तू शेतकऱ्याची लेक. तुला ही झाडं एका नजरेत कळली असती. मे महिन्यात तुझ्या बालवाडीला सुट्टी लागली की ये. बघून तरी जा. राहा असं म्हणत नाही.

तुझा,
नरसिंग

•

लातूर,
३० जानेवारी १९८३

प्रिय चांगुणा,

तुझं कार्ड पोचलं. "गाळणी बाजारात मिळते. तब्येत जपा. चांगुणा." सही धरून सहा शब्द. सूत्रं रचणारे जुने वैयाकरण तुझ्यापुढे बडबडे ठरतील. मे महिन्याबद्दल त्यात काही नाही. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, मागच्या बाजूला फक्त माझा पत्ता होता.

गाळणी आणली.

आता अंगणाचा अहवाल. कुंपणाच्या आत सात जाती आहेत. पैकी पाच जणांशी ओळख झाली, त्यातल्या तिघांशी रक्ताचं नातं जडलं. पहिला घायपात. दारातून उतरून चार पावलं टाकली की डावीकडे भाल्यांचा जुडगा रोवून उभा आहे. मी त्याला मांडीने ओळखलं. दुसरा पत्र्याच्या डब्यात लावलेला फड्या निवडुंग. याचे मोठे काटे सभ्य असतात, दिसतात आणि टोचतात. पण बारीक कुसळं इतकी लबाड की बोटात शिरल्याचं संध्याकाळी कळतं. अमीरबींनी कणकेचा गोळा माझ्या बोटांवरून फिरवून ती काढली. गोळा फिरवताना विचारत होत्या, "मास्तर, तुमी पंडित म्हनं?"

"थोडासा."

"किताबातली झाडं वळखता?"

"नावं येतात."

"मग हात कशाला लावून राहिले सगळ्याला? नाव इचारायचं न्हाई का आदी?"

मी दुसरा हात पुढे केला.

तिसरा सराटा. संस्कृतात गोक्षुर. अनवाणी पायाला दोन्ही भाषांत सारखाच लागतो. चौथी कोरफड, जिला आमचे कोशकार कुमारी म्हणतात. तिला हात लावल्यावर गार वाटतं. या गावात गार लागणारी ती एकच वस्तू. मी रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसतो. नावावरून गैरसमज करून घेऊ नकोस. पाचवा तरवड. सगळं रान करपलं आणि हा मात्र फुलून बसला आहे, असं अमीरबी सांगतात. पिवळाधमक आहे, असंही त्याच सांगतात.

उरलेल्या दोघांशी अजून परिचय व्हायचा आहे.

कार्यालयाचं ठीक चाललं आहे. गुंडप्पा नावाचा शिपाई आहे, उदगीरकडचा. मला फायली तोच वाचून दाखवतो. शिपाई वाचतोय आणि साहेब डोळे मिटून ऐकतोय, असं पाहून परवा एक मुख्याध्यापक इतके घाबरले की त्यांनी न विचारताच पटावरच्या खोट्या नावांची कबुली दिली. मोठा अधिकारी व्हायला एवढंच लागतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्याचं कळव. सहा शब्दांत बसेल.

तुझा,
नरसिंग

•

लातूर,
२० फेब्रुवारी १९८३

प्रिय चांगुणा,

घाबरू नकोस, म्हणून लिहितो. चांदपाशा कामासाठी नांदेडला गेला होता. तो बालवाडीत येऊन तुला काही सांगून गेला, असं त्यानं मला काल मोठ्या अभिमानाने सांगितलं. ट्रंका ठोकणाऱ्याला कुठलीच बातमी हळू सांगता येत नाही. मूळ हकीकत अशी.

मोरीजवळ सहावं झाड आहे. त्याला पान नाही. नुसत्या हिरव्या कांड्या, पेन्सिलीएवढ्या, एकीला दुसरी फुटलेली. मोडली की दूध येतं. मागच्या रविवारी सकाळी मी त्याच्यापाशी उभा होतो आणि माझ्या अठरा वर्षांच्या अध्यापनानं एकदम उसळी घेतली. पान नाही, कांड्या आहेत, दूध आहे: हा तर सोम! ज्याचा रस पिऊन देव मातायचे, ज्याच्यासाठी विद्वानांनी हिमालयापासून इराणपर्यंत डोंगर धुंडाळले, तो इथे लातुरात, माझ्या मोरीचं पाणी पिऊन वाढलेला. माझ्या आजोबांच्या सावलीचा ज्यांना विटाळ व्हायचा, त्यांच्या यज्ञातली मुख्य वस्तू आम्हा गजभाऱ्यांच्या खरकट्या पाण्यावर! मला फार आनंद झाला. आपल्या गल्लीत म्हणायचे, नरसिंग संस्कृत शिकतोय ते त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत भांडायला. शिकून झाल्यावर कळलं की समोर कुणीच ती बोलत नाही. या झाडानं माझं अर्धं भांडण परस्पर जिंकून दिलं, असं वाटलं.

मी एक फांदी कडकन मोडली. दूध उजव्या डोळ्यात उडालं.

पुढचं मला नीट आठवत नाही. निखारा ठेवल्यासारखं वाटलं एवढं खरं. मी ओरडलो असणार, कारण अमीरबी धावत आल्या. "अगे अम्मा! शेर हाय तो, मास्तर, शेर! हात नका लावू डोळ्याला!" त्यांनी मला खाली बसवलं, मान मागे केली आणि घागरभर पाणी माझ्या डोळ्यावर धरलं. पिण्याची घागर. टँकर यायला अजून दोन दिवस होते. मी म्हणालो, "बस, बस, पाणी संपेल." त्या म्हणाल्या, "संपू दे. डोळा टँकरनं येत न्हाई."

दवाखान्यात नेलं, मलम मिळालं, पट्टी बांधली. आग चार दिवसांत थांबली. आता काही नाही. चांदपाशानं काय आणि किती सांगितलं मला ठाऊक नाही, पण निम्मं कमी कर.

तू हसली असशील, अशी आशा आहे. शेराला सोम समजणारा नवरा तुझ्या बिलोली तालुक्यात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

तुझा,
नरसिंग

•

लातूर,
११ मार्च १९८३

प्रिय चांगुणा,

तुझं पत्र आलं. दोन पानं, पाठपोट. लग्नाला बावीस वर्षं झाली, तू मला एवढं एकदम कधी बोललेली नाहीस. मी ते दोनदा ऐकलं.

"वाचलं" असं लिहायला हवं होतं. खोडत नाही, राहू दे.

तू लिहितेस: "मास्तर, शेराची गोष्ट मला पटली नाही. नायगावला बाबाच्या शेताला सगळा बांध शेराचाच हाय. लग्नानंतर पहिल्यांदा आपण शेतात गेलो, तवा मी शेळीमागं पळाले, अन् तुम्ही माझा हात धरून मागं वढलं, चीक उडंल म्हणून. त्या बांधाकडून बावीस वर्षं चालणाऱ्या माणसाला शेर वळखू येत नाही?"

याचं उत्तर मी आधी फार मजेशीर लिहिलं होतं. गावाबाहेरचा शेर आणि मोरीजवळचा शेर यांत विद्वान भेद करतात, असं काहीतरी. ते फाडलं.

तू लिहितेस: "अक्षर एवढं मोठं कशामुळं झालं? ओळी वर का चढून राहिल्या? फायली शिपाई का वाचतो?"

नवा जिल्हा आहे, कागद मोकळा मिळतो. हे मोठ्या अक्षराबद्दल. बाकीच्या दोन प्रश्नांना आज उत्तर देत नाही.

आणि शेवटी: "खरं काय ते लिहा. नाहीतर मी मे महिन्यात येणार नाही. जूनमध्ये पण नाही. तुम्ही मला सोडून गेलात एवढंच मी धरून चालेन, अन् लोकांना पण तेच सांगेन."

हे वाक्य गुंडप्पानं वाचलं. वाचून त्यानं चष्मा काढून पुसला. "साहेब, ह्ये मी वाचलं न्हाई," असं म्हणून चहा आणायला गेला. चहा पाऊण तासाने आला. चांगला माणूस आहे.

मी तुला सोडून आलेलो नाही, चांगुणा. एवढं तरी आज वाच. उरलेलं लिहायला मला थोडे दिवस दे. मी भाषेचा मास्तर. सरळ लिहायची सवय नाही, ती लावून घ्यावी लागेल.

नरसिंग

•

लातूर,
२ एप्रिल १९८३

प्रिय चांगुणा,

हेही पत्र मी स्वतःच लिहितो आहे. आता कागदावर जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवून, तिच्या कडेने. ओळ खाली गेली किंवा एका ओळीवर दुसरी आली, तर सांभाळून घे.

सोम वगैरे सगळं मी नंतर रचलं. त्या दिवशी मला शेर दिसलाच नाही. मोरीवरून उठलो, वाट चुकलो, पडू नये म्हणून हात पुढे केला आणि हाताला जे लागलं ते धरलं. ते मोडलं. बाकी काही नाही. दवाखान्यात पट्टी बांधून घेताना मनात पहिला विचार आला, तुला काय सांगायचं. आणि सोमाची गोष्ट तिथे बाकावर बसून तयार झाली. मला ती आवडलीही. अजून आवडते. पण ती खरी नाही.

खरं असं. गेल्या जूनमध्ये नांदेडला दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. पुलावरच्या प्रत्येक दिव्याला एकेक इंद्रधनुष्याची कडी. मी म्हटलं, थकवा असेल. मग वर्गात उजवीकडची पोरं बोलली की मला दचकायला व्हायचं, कारण तिथे कुणी बसलंय हे मला दिसायचंच नाही. डॉक्टरकडे गेलो. तुला सांगितलं होतं, पंचायत समितीत काम आहे. त्यानं तपासलं आणि काचबिंदू म्हणाला. मोतीबिंदू असता तर काढता येतो. हा काढता येत नाही. जेवढं गेलं ते गेलं, उरलेलं औषधाने जितकं टिकेल तितकं. उजवा तेव्हाच निम्मा गेला होता. आता त्यात उजेड आणि काळोख एवढंच कळतं. शेराच्या चिकानं त्यात फार भर घातलेली नाही, घालायला फारसं काही नव्हतंच. डाव्या डोळ्याने समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं नाही. म्हणून घायपात मला मांडीने कळला.

थेंब घालतो. सकाळी आणि रात्री. चुकवत नाही.

विकल्पाचा कागद मी त्याच आठवड्यात भरला.

तू विचारशील, का. तुझ्या बाबांचे डोळे गेले आणि तू त्यांना नायगावहून आपल्याकडे आणलंस. नऊ वर्षं. काठीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तुझ्या. संडासापर्यंत, नदीपर्यंत, सभेला, दवाखान्यात. बालवाडीत जाताना तू त्यांना ओट्यावर बसवायचीस आणि आल्याबरोबर पदर खोचून पुन्हा काठी धरायचीस. एकदाही कुरकुरली नाहीस. मी तर म्हणायचो, तुझे बाबा ज्ञानोबा गेल्या जन्मी राजा असणार. तू हसायची नाहीस. आणि ते गेले, सगळं आवरलं, लोक गेले, तेव्हा तू नळाखाली उजवा हात धरून बराच वेळ उभी होतीस. मी मागे होतो, तुला माहीत नव्हतं. तू हाताकडे बघून म्हणालीस, "आता ह्यो हात माजा."

ते मी ऐकलं होतं. तू कुणाला ऐकवायला म्हटलं नव्हतंस, म्हणूनच ते पक्कं लक्षात राहिलं. डॉक्टरने मला सांगितलं तेव्हा मला बाकी काही आठवलं नाही, तेवढंच आठवलं. तुझा हात सुटून पुरती चार वर्षंही झाली नव्हती. म्हटलं, दुसऱ्या गावी जाऊ. एकट्याने चालायला शिकू. जमलं तर मग सांगू, जमलंय म्हणून. आणि तू रागावून राहिलीस तर बरंच, येणार नाहीस. एकीकडे असं ठरवलं, आणि दुसरीकडे प्रत्येक पत्रात मे महिन्याचं विचारत राहिलो. मला एक तरी गोष्ट धड ठरवता यायला हवी होती.

अंगण मात्र मी शिकलो. पावलं मोजून. दारापासून मोरी अकरा, मोरीपासून कुंपण नऊ. कोरफडीकडे जाताना तरवडाच्या शेंगा वाजतात, त्यावरून वळायचं. सातवं झाडही सापडलं. कुंपणाच्या कोपऱ्यात मेंदी आहे, छाटून बुटकी झालेली. फुलं आली की त्या वासाने कोपरा कळतो. मी कुणाला काही बोललो नव्हतो. पण परवा सकाळी गेलो तर निवडुंगाचा डबा वाटेतून गायब. अमीरबींनी तो उचलून पार भिंतीशी नेऊन ठेवलेला. मी म्हणालो, "डबा का हलवला?"

"तुमाला लागतो."

"मी बघून चालतो की."

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी हातानं बघता. म्या पैल्या दिवसापासून बघून राहिले. बायकूला लिवलं का?"

"नाही."

"का न्हाई?"

मी सगळं सांगितलं. काठीचं, नळाचं, सगळं. त्या गवऱ्या रचत होत्या, रचता रचता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तिचा हात तिचा हाय, ह्ये खरं. पर तो कुटं ठेवायचा, ह्ये तुमी कोन ठरवनार? मोठे आले."

म्हणून लिहितो आहे. तू ये किंवा येऊ नकोस, दोन्हीत माझा राग नाही. तुझी बालवाडी सोड, असं मी म्हणणार नाही. मी नांदेडला परत यावं असं तुला वाटत असेल तर तसा अर्ज करतो, नवीन माणसाला परत पाठवतात की नाही ते बघावं लागेल. पगार आहे, गुंडप्पा आहे, अमीरबी आहेत. मी उपाशी किंवा एकटा पडलेलो नाही. अंधाराची भीती वाटते, पण जितकी वाटेल असं वाटलं होतं तितकी नाही.

खरी काळजी वेगळी आहे. तू बोलत नाहीस, चांगुणा. कधीच बोलली नाहीस. तुला काय आवडलं, काय लागलं, केव्हा पुरे झालं, हे सगळं बावीस वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघून ओळखत आलो. तू आलीस आणि माझा हात धरलास, तर तू तो मनापासून धरलास की बाबांचा धरायचीस तसा, हे मला बघून कळणार नाही. आणि तू सांगणार नाहीस. मला याची काळजी वाटते.

तुझा,
नरसिंग